विटांच्या घराची मॉम

वर्ना ऑक्सली आमच्या ब्रुकर गावात कधी कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती. तरीही तिच्या माथ्यावर जे खापर फुटलं, ते फुटताना मी तिथे हजर होतो. कॉलेजवाले ही गोष्ट वेगळी सांगतात आणि फार गोड सांगतात. त्यांचं ऐकून झालं असेल तर आता माझं ऐका.

मी ऑर्विल. कॉलेजच्या फाटकासमोर माझं केस कापायचं दुकान आहे, बापाच्या वेळेपासूनचं. दुकानाच्या दारात उभं राहिलं की रस्त्याच्या टोकाला ते घर दिसतं. लाल विटांचं, तीन मजली, दारावर पितळेची तीन ग्रीक अक्षरं. कॉलेजातली पोरं एकमेकांचे सख्खे भाऊ असल्याची शपथ घेतात आणि अशा घरात एकत्र राहतात. असली घरं देशभर आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यासारखे आपणच. गावात आम्ही त्याला नुसतं विटांचं घर म्हणायचो, आणि म्हणताना तोंड वाकडं करायचो. एकदा त्यांच्यातल्या एकाने गाडी मागे घेताना माझ्या दुकानाबाहेरचा पट्ट्यापट्ट्यांचा खांब, आमच्या धंद्याची खूण, आडवा केला आणि बाकीचे टाळ्या वाजवत उभे राहिले. त्यानंतर बरेच दिवस मी त्या घरातलं डोकं हातात घेतलं नाही.

वर्नाचा नवरा हॅरल्ड धान्याच्या कोठारावर कामाला होता. तो गेला तेव्हा वर्ना साठीला टेकली होती. मूलबाळ नव्हतं. घर मोठं, उगाच खायला उठणारं. त्या वर्षी विटांच्या घराला घर सांभाळणारी बाई हवी होती. अशा बाईला पोरं मॉम म्हणतात. खालच्या मजल्यावर दोन खोल्या तिच्या, स्वयंपाकघर तिच्या हुकमात, किल्ल्या तिच्याकडे आणि रात्रीच्या जेवणाला टेबलाच्या टोकाची खुर्ची तिची. आधीच्या तीन बायका सामान बांधून निघून गेल्या होत्या. वर्नाने आपलं घर विकलं आणि तिथे जायचं ठरवलं.

मी तिला दुकानात बसवून समजावलं. "वर्ना, तिथे माणसं राहत नाहीत. डुकरं राहतात."

"मी शेतावर वाढलेय, ऑर्व," ती म्हणाली. "डुकरांना वेळेवर खायला घातलं की ती फार गुणी असतात."

"आणि चावली तर?"

"तू चावतोस तेवढी नाही चावणार."

तिथे जाऊन तिने एकदाही भाषण ठोकलं नाही. पहिल्या संध्याकाळी ती चांगला झगा घालून जेवायला आली आणि आपल्या खुर्चीमागे नुसती उभी राहिली. मॉम बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही, ही त्या घराची जुनी रीत. पोरं गंजिफ्रॉकवर आली होती. ती बसेना, म्हणून पोरं बसेनात. भाजलेलं मांस गार झालं, बटाट्यांवरचं लोणी थिजलं. शेवटी एकाच्या डोक्यात उजेड पडला. तो वर जाऊन शर्ट घालून आला, त्याच्यामागून बाकीचे पळाले. सगळे आल्यावर वर्ना बसली आणि म्हणाली, "रस्सा द्या इकडे." आठवडाभरात पोरं टाय लावून जेवायला लागली, आणि रोज एकजण हाताला हात देऊन तिला तिच्या खोलीपासून टेबलापर्यंत आणायला लागला.

तेव्हा त्या घरावर कॉलेजची करडी नजर होती. काहीतरी भलं करून दाखवा, नाहीतर दाराला कुलूप लावू, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. पोरांना भलं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते वर्नाने शिकवलं, आणि तेही शनिवारी सकाळी, जेव्हा त्यांची डोकी ठणकत असायची. हिवाळ्यात म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसायचा. शाळेत जाऊन बारक्या पोरांना गोष्टी वाचून दाखवायच्या. वृद्धाश्रमातल्या आजोबांना चाकांच्या खुर्चीत बसवून, गोधड्यांत गुंडाळून फुटबॉलच्या सामन्याला न्यायचं. ऑक्टोबरात घरोघर फिरून गरिबांसाठी टिकाऊ अन्नाचे बंद डबे गोळा करायचे. कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी नव्या मुलांच्या ट्रंका वसतिगृहाच्या जिन्यांवरून वर चढवायच्या. आधी पोरं कुरकुरली. मग लोक रस्त्यात थांबवून त्यांचे हात हातात घ्यायला लागले, तशी कुरकुर थांबली. कौतुक कुणाला कडू लागतं? विद्यार्थ्यांच्या मंडळावर त्यांच्यातले दोघे निवडून आले. सेवेचा चांदीचा पेला लागोपाठ त्यांच्याकडेच यायला लागला. माझा खांबसुद्धा त्यांनी रंगवून दिला, आणि मी पुन्हा त्यांचे केस कापायला लागलो.

वर्नाचा सगळ्यांत जास्त जीव होता तो गॉर्डीवर. गॉर्डी लिस्टन हा हडकुळा, कानांच्या पाळ्या लाल असलेला मुलगा. पहिल्याच हिवाळ्यात त्याची आई गेली. रस्त्यावर बर्फ, बस बंद. वर्नाने हॅरल्डची जुनी गाडी काढली आणि त्याला राज्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या घरी नेलं. दफनाच्या वेळी ती चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसली, कारण पहिली नातेवाइकांची. गॉर्डी उठला, मागे आला आणि तिला हाताला धरून पहिल्या रांगेत घेऊन गेला. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. पुढे त्यांनी तिला आपल्या घराची सोन्याची पिन दिली, जी फक्त शपथ घेतलेल्या भावांना मिळते. ती तिच्या कॉलरला लावली गॉर्डीनेच.

त्या घरातली अजून एक रीत सांगायला हवी. तिथलं प्रत्येक मोठं काम मताला जातं. बंद खोलीत एक मखमली पिशवी फिरते आणि प्रत्येकजण तिच्यात मूठ घालून एक गोटी टाकतो. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. पन्नास पांढऱ्या आणि एक काळी निघाली तरी गोष्ट तिथेच पडते. कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नाही. जुनी पिशवी फाटली तेव्हा नवी वर्नाने शिवून दिली होती. बैठकीच्या खोलीतला सोफा कुठल्या रंगाचा घ्यायचा हे ठरायला त्यांना आख्खं सत्र लागलं, कारण दर वेळी कुणीतरी काळी टाकायचाच.

"बावळट आहेत," मी म्हणालो होतो.

"असू देत. मला बरं वाटतं," वर्ना म्हणाली. "त्या घरात एक तरी पोरगा नेहमी असा असतो की ज्याला पटत नाही."

मग ती ऑक्टोबरातली शुक्रवारची संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी मोठा सामना, जुने विद्यार्थी गावात, रस्ताभर कॉलेजच्या रंगाच्या पताका. विटांच्या घराचं तळघर कॉलेजच्या हुकमाने बंद असायचं आणि त्याची किल्ली फक्त मॉमकडे. त्या वर्षी घराचा अध्यक्ष होता क्रेग डनलेव्ही. उंच, गोरापान, दात असे की हसला की समोरचा आपोआप हसायचा. तो वर्नाकडे गेला आणि म्हणाला, "मॉम, डब्यांची खोकी फार झाली, जिन्यात अडचण होते. तळघरात ठेवू का?" तिने जुडग्यातून किल्ली काढून दिली. स्वतः ती चर्चच्या स्वयंपाकघरात गेली. उद्या सामन्याला यायच्या म्हाताऱ्यांसाठी माझी बायको लॉइस आणि ती सँडविचं बांधत होत्या.

खोकी तळघरात खरोखरच नेली होती. त्यांच्यावर बसूनच ते प्याले. भाऊ व्हायला आलेल्या नव्या पोरांना रांगेत उभं करून व्हिस्की पाजली, आणि डेनिस नावाचा एक मुलगा दगडी जिन्यावरून डोक्यावर पडला. कवटीला चीर गेली. पोरगा वाचला, पण कित्येक दिवस त्याला आईचं नाव आठवत नव्हतं.

कॉलेजने चौकशी बसवली. घर कायमचं बंद होणार, असं गावात सगळे बोलायला लागले. क्रेग माझ्या दुकानात आला. खुर्चीत बसला, मान खाली. "मिस्टर ऑर्विल, आमच्या शनिवारच्या कामाबद्दल तुम्ही दोन शब्द बोलाल का? तुमच्या शब्दाला वजन आहे."

मला चढवलं की मी चढतो. शिवाय वर्नाचं घर तेच होतं. ते बंद झालं तर ती जाणार कुठे? मी हो म्हणालो.

वर्नाही बोलणार होती. चौकशीला जाताना गाडीत लॉइस मागे आणि वर्ना माझ्या शेजारी बसली होती, निळा झगा, कॉलरला ती पिन. मी म्हणालो, "वर्ना, किल्लीबद्दल विचारतील."

"सांगेन की खरं. मी दिली, डब्यांसाठी दिली."

"आणि पोरं काय सांगतील?"

"मी क्रेगला विचारलं. म्हणाला, मॉम, आम्ही सगळं कबूल करणार आहोत." मग ती माझ्याकडे वळली. "चुकली आहेत रे ती. वाईट चुकली आहेत. पण खोटी नाहीत."

लांब टेबलामागे डीन बाई आणि चार प्राध्यापक बसले होते. विटांच्या घरातली सगळी पोरं कोट घालून दोन रांगांत. आधी मी बोललो. बर्फ, म्हातारे, माझा खांब, सगळं सांगितलं. मग वर्ना उठली. "किल्ली मी दिली," ती म्हणाली. "अन्नाचे डबे ठेवायला दिली. मी तिथे असायला हवं होतं, नव्हते. जे झालं त्याची शिक्षा त्यांना द्या. पण त्यांना घालवून देऊ नका. ही माझी मुलं आहेत." आणि बसली.

मग क्रेग उठला. आधी त्याने सेवेची कामं सांगितली, एकेक करून, फार सुंदर. शाळेतल्या गोष्टी, चाकांच्या खुर्च्या, ट्रंका, डबे. जे जे वर्नाने उभं केलं ते सगळं त्याने 'आम्ही' म्हणून सांगितलं. वर्ना मान डोलवत होती. तिला अभिमान वाटत होता, मी बघत होतो ना.

"तळघराबद्दल सांगायचं तर," क्रेग म्हणाला, "आम्ही मॉमना आधी कल्पना दिली होती. त्यांना माहीत होतं. सांभाळून करा, एवढंच म्हणाल्या आणि किल्ली दिली. आम्ही लहान आहोत, मॅडम. आम्हाला वाटलं, मोठ्या माणसाने परवानगी दिली म्हणजे चालेल."

वर्नाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. तिच्यापर्यंत ते पोचायलाच वेळ लागला. मग ती अर्धवट उठली. "क्रेग, बाळा, तू गोंधळतोयस. डब्यांसाठी म्हणालास ना तू? खोक्यांची अडचण होते म्हणालास?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

मी उठून ओरडलो. "खोटं आहे हे! ही बाई माझ्या बायकोबरोबर चर्चमध्ये पाव कापत होती!"

"तुमचं बोलून झालेलं आहे," डीन बाई म्हणाल्या. "आणि त्या कुठे होत्या हा प्रश्न नाही. त्यांना माहीत होतं का, हा प्रश्न आहे." मग त्यांनी दोन्ही रांगांकडे बघून विचारलं, "असंच झालं होतं का?"

"हो, मॅडम," पोरं म्हणाली. एका सुरात म्हणाली, प्रार्थनेला म्हणतात तशी. दुसऱ्या रांगेत गॉर्डी होता. त्याचे कान लाल झाले होते, पण ओठ हलले.

निकाल लगेच लागला. इतकी वर्षं समाजाची सेवा केलेल्या घराला एका चुकीसाठी बंद करणं योग्य नाही, म्हणून एक वर्षाची देखरेख. घर सांभाळायला नवीन, अधिक जबाबदार बाई. आणि मिसेस ऑक्सली यांनी नाताळच्या आत खोल्या रिकाम्या कराव्यात. गरज सरो, वैद्य मरो. फरक एवढाच की आमच्याकडे वैद्याला आधी स्वतःच्या औषधाची तारीफ करायला लावली आणि मग हाकललं.

बाहेर व्हरांड्यात वर्नाने क्रेगला थांबवलं. मला वाटलं आता ती त्याच्या तोंडात देईल. मी तर द्यायलाच निघालो होतो, लॉइसने मागून कोट धरला म्हणून राहिलो. पण वर्नाने आवाजसुद्धा चढवला नाही.

"हे मताला गेलं होतं का?" तिने विचारलं.

"मॉम, घर बंद झालं असतं. जुने भाऊ आले होते, ते म्हणाले की कुणीतरी मोठं माणूस..."

"पिशवी फिरली होती का?"

"हो, मॉम."

"काळ्या किती निघाल्या?"

क्रेगने बुटांकडे पाहिलं. इतका वेळ घडाघडा बोलणारा पोरगा, पण आता त्याचे दात दिसेनात. "एकही नाही, मॉम."

"सगळे होते?"

"सगळे होते. आम्हाला वाटलं तुम्ही समजून घ्याल. तुम्हीच म्हणता ना, घर आधी."

वर्ना भिंतीला टेकली. तिची बोटं कॉलरवर गेली, पण पिनेचा काटा काही सुटेना. लॉइसने पुढे होऊन तो सोडवला. वर्नाने पिन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "चल ऑर्व, मला उभं राहवत नाही."

दुकानामागे माझी दोन खोल्यांची जागा आहे, पुढे मेपलचं झाड आणि थोडं अंगण. तिथे ती राहायला आली. मी आयुष्यभर केस कापले, पण केसाने गळा कापतात म्हणजे काय ते मला त्या हिवाळ्यात कळलं. वाण्याच्या दुकानातली बाई तिला म्हणाली, "तुला तरी कळायला हवं होतं, वर्ना." चर्चमधल्या बायका ती आली की विषय बदलायच्या. डेनिसच्या आईने तिचं तोंड बघायला नकार दिला. वर्ना हॉस्पिटलच्या दारातून परत आली, तिने केलेला केक तसाच हातात. तिच्याजवळ पैसाअडका कधी नव्हता, एक शब्द होता, आणि तो त्या पोरांनी तिच्याच तोंडून वदवून घेऊन मोडला. तिने गावात कुणालाही खुलासा दिला नाही. मी देत फिरायचो. लोक म्हणायचे, ऑर्विलचं काय, तो तिची बाजू घेणारच.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती एकाच गोष्टीला धरून बसली होती. जेवताना मध्येच म्हणायची, "सोफ्याला तीन काळ्या पडल्या होत्या, ऑर्व." लॉइस विषय बदलायची. मी ताटातलं मांस सुरीने उगाच बारीक करत राहायचो.

पुढच्या ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी मी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होतो. मागच्या खिडकीतून बघतो तर वर्नाच्या अंगणात चार पोरं. तीन अक्षरांचे नवेकोरे शर्ट, हातात दाताळी, एकाच्या गळ्यात कॅमेरा. तोंडं कोवळी, त्या वर्षीचीच भरती. गिऱ्हाइकाला तसाच साबण लावलेला ठेवून मी वस्तऱ्यासकट मागच्या दाराकडे गेलो.

वर्नाने दार उघडलेलं होतं. कॅमेरावाला मुलगा तिला सांगत होता, "मॅडम, आम्ही गावातल्या वयस्कर लोकांच्या अंगणातली पानं गोळा करून देतो. आमची सेवा आहे. काही द्यावं लागत नाही. फक्त शेवटी एक फोटो."

"माझ्याकडे कसे आलात?" वर्नाने विचारलं.

"आम्हाला सांगितलं की इथे एक बाई राहतात, त्यांना कोणी नाही."

"कोणी सांगितलं?"

"गॉर्डीने. यंदा सेवेचं सगळं तो बघतो. तो गाडीत आहे."

"चालते व्हा इथून!" मी म्हणालो. पोरांनी माझ्या हातातला वस्तरा पाहिला आणि दोन पावलं मागे गेली. वर्नाने मला हाताने गप्प केलं. पायात घरातल्या सपाता होत्या, तशीच ती ओल्या पानांतून चालत रस्त्यापर्यंत गेली. मी मागे गेलो. गॉर्डी दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत होता. तिने काचेवर बोट वाजवलं. त्याने काच खाली केली.

"मला कोणी नाही, असं तू सांगितलंस यांना?"

"मॉम," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "मला दुसरं काही सुचेना. मला वाटलं, निदान पानं तरी..."

"रडू नकोस. बरं केलंस," वर्ना म्हणाली. "एवढं एक तरी खरं सांगितलंस."

ती वळली, पोरांना म्हणाली, "पानं राहू देत," आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पोरं दाताळी गोळा करून गाडीत बसली. मी अंगणात उभा होतो. मी आणि लॉइस होतो ना तिला, शेजारीच, रोज एका टेबलावर जेवणारे. ते मी बोललो नाही. तिला जे हवं होतं ते त्या गाडीत बसून निघून चाललं होतं.